हप्ता बाउन्स, चेक तोंडावर आणि खात्यात शिल्लक नाही: आधी काय करायचे, ओव्हरड्राफ्ट केव्हा घ्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पगार ५ तारखेला जमा होतो आणि कर्जाचा हप्ताही ५ तारखेलाच कापला जातो. या महिन्यात हप्ता परत गेला. बँकेने दंड घेतला, कर्ज देणाऱ्या कंपनीनेही घेतला. कंपनीने १० तारखेला हप्ता पुन्हा लावला, तोही परत गेला. शिवाय एकाला दिलेला चेक येत्या आठवड्यात लागणार आहे. ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसतानाही ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे वापरण्याची बँकेची सोय, घेतला तर यातून सुटका होईल का?

होईल, पण ओव्हरड्राफ्ट हे काम शेवटचे. तो मंजूर होईपर्यंत चेक लागून जाईल. आज आधी चेककडे पाहा, मग थकलेल्या हप्त्याकडे, मग दंडाकडे. हा क्रम बदलू नका, कारण तिघांचे परिणाम सारखे नाहीत. दंडात काहीशे रुपये जातात, हप्ता थकला की क्रेडिट रिपोर्ट बिघडतो, आणि चेक न वटल्यास प्रकरण फौजदारी कोर्टात जाऊ शकते.

ज्याला चेक दिला आहे त्याला आजच फोन करा आणि चेक अजून बँकेत टाकलेला नसेल तर थांबायला सांगा. नुसत्या फोनवर विसंबू नका. बोलणे झाल्यावर तेच व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लिहून पाठवा: अमुक क्रमांकाचा चेक अमुक तारखेपर्यंत लावू नये, रक्कम अमुक दिवशी ऑनलाइन देतो. पैसे ऑनलाइन दिले की मूळ चेक परत मागून घ्या. अर्धी रक्कम दिली असेल तरी जुना चेक परत घेऊन उरलेल्या रकमेचा नवा द्या, किंवा किती रक्कम मिळाली ते त्याच चेकवर लिहून घ्या. पूर्ण रकमेचा चेक समोरच्याकडे तसाच पडून राहिला तर पुढे वाद होतो.

‘आज चेक टाकला तरी उद्या-परवा कापला जाईल, तोवर पैसे भरू’ हा जुना हिशेब आता चालत नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचे क्लिअरिंग दिवसभर सलग चालते. दिवसाच्या ठरावीक वेळेत बँका चेक स्कॅन होतील तसे पुढे पाठवतात, आणि ज्या बँकेचा चेक आहे तिला त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत हो किंवा नाही कळवावे लागते. म्हणजे सकाळी टाकलेला चेक त्याच दिवशी तुमच्या खात्यावर येऊन आदळतो. चेकवर जी तारीख घातली आहे त्या दिवशी सकाळी पैसे खात्यात हवेत.

‘स्टॉप पेमेंट’ देऊन मोकळे होऊ, असे अनेकांना वाटते. देणे खरे असेल आणि खात्यात पैसे नसतील, तर पेमेंट थांबवल्याने चेक न वटल्याबद्दलचे कलम १३८ टळत नाही. खाते बंद करूनही टळत नाही. परक्राम्य दस्तऐवज अधिनियम, १८८१ मधील या कलमाचे वेळापत्रक पाठ असलेले बरे. चेक परत गेल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत चेक घेणाऱ्याने लेखी नोटीस पाठवायची असते. नोटीस मिळाल्यापासून देणाऱ्याला १५ दिवस असतात. त्यात पूर्ण रक्कम दिली तर गुन्हा होत नाही. न दिल्यास पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करता येते. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई द्यायला कोर्ट सांगू शकते. म्हणून नोटीस आली की ते १५ दिवस वाया घालवू नका. पोस्टमनला ‘घरी नाहीत’ म्हणून परत पाठवल्याने काही साधत नाही. बरोबर पत्त्यावर पोस्टाने नोंदणी करून पाठवलेली नोटीस मिळाली असेच साधारणपणे धरले जाते.

चेक परत गेल्यावर बँक देते त्या रिटर्न मेमोवर कारण काय छापले आहे तेही वाचा. ‘फंड्स इन्सफिशियंट’ म्हणजे शिल्लक कमी. ‘एक्सीड्स अरेंजमेंट’ म्हणजे ओव्हरड्राफ्टची मर्यादा ओलांडली. कलम १३८ दोन्हींना लागते. ‘इफेक्ट्स नॉट क्लिअर्ड’ म्हणजे तुमच्या खात्यात भरलेला चेक अजून वटलेला नव्हता. सहीतला फरक, तारखेतली खाडाखोड ही कारणे वेगळी. चेक परत गेल्याचा आकार ग्राहकाची चूक असेल तरच घ्यावा, असे रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवले आहे. बँकेच्या स्वतःच्या गोंधळामुळे चेक परत गेला असेल तर तो आकार परत मागा.

आता हप्ता. आधी तो का परत गेला ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या महिन्यात तेच होणार नाही. हप्ता ज्या व्यवस्थेतून कापला जातो ती म्हणजे नॅच. १ ऑगस्ट २०२१ पासून ती रविवारी आणि बँकेच्या सुट्टीच्या दिवशीही चालते. ५ तारीख रविवारी आली तर हप्ता सोमवारी कापला जाईल या भरवशावर राहू नका. नॅचच्या फाइली बहुतेक बँकांत सकाळीच लागतात. पगार मात्र तुमच्या कंपनीच्या लेखा विभागाने दुपारी फाइल चढवली तर दुपारी किंवा संध्याकाळी येतो. दोन्ही नोंदींवर तारीख एकच, पण हप्ता सकाळी ७ ला आला आणि पगार ३ वाजता. पासबुकात तारीख छापली जाते, वेळ नाही, म्हणून खातेदाराला वाटते की त्या दिवशी पैसे होते आणि बँकेने चूक केली. बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते. अशा बाउन्समध्ये महिन्याची मिळकत पुरेशी असते, तारखा तेवढ्या चुकीच्या लागलेल्या असतात.

दुसरे कारण म्हणजे दिसणारी शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक यांतला फरक. अ‍ॅपवर दोन आकडे असतात, त्यातला ‘अव्हेलेबल’ म्हणून दाखवलेला आकडाच खरा धरा. आयपीओला अर्ज केला असेल तर ती रक्कम खात्यात दिसते पण अडवलेली असते. भरलेला चेक वटायचा असेल तर ती रक्कमही दिसते, हाती नसते. बँकेकडून किंवा पोलिसांच्या पत्रावरून खात्यावर ‘लिअन’, म्हणजे रक्कम अडवून ठेवणारी नोंद, लागला असेल, किंवा केवायसी अपूर्ण म्हणून खात्यातून पैसे काढणे थांबवले असेल, तर शिल्लक भरपूर असूनही हप्ता परत जातो. शिल्लक पुरेशी दिसत असताना हप्ता परत गेला, तर शाखेत पहिला प्रश्न हाच विचारा: खात्यावर लिअन किंवा डेबिट फ्रीझ आहे का, आणि कोणत्या तारखेपासून?

एक बाउन्स दुसऱ्या बाउन्सला कसा जन्म देतो, ते आकड्यांत पाहा. हप्ता ₹१८,४५०. ५ तारखेला सकाळी शिल्लक ₹१७,९००, म्हणजे कमी पडले फक्त ₹५५०. हप्ता परत गेला. बँकेचा आकार ₹५०० धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ₹५९० लगेच कापले. दुपारी पगार आला. घरभाडे, किराणा, शाळेची फी देऊन खातेदाराने मोजून हप्त्यापुरते पैसे मागे ठेवले, पण मोजताना हे ₹५९० धरले नाहीत. १० तारखेला कंपनीने हप्ता पुन्हा लावला तेव्हा शिल्लक ₹१७,८६० होती. पहिल्या वेळचा दंड कापला नसता तर हप्ता सहज निघाला असता. आता बँकेचे आणखी ₹५९०, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीचे प्रत्येक वेळी ₹५०० धरले तर ₹१,०००. ₹५५० कमी पडले म्हणून ₹२,१८० गेले. प्रत्येक बँकेचे दर वेगळे असतात, पण ही साखळी सगळीकडे अशीच चालते.

त्यातली एक बाजू लोकांना माहीत नसते. आकार कापायलाही खात्यात पैसे नसतील तर बँक तो सोडून देत नाही, येणे म्हणून मांडून ठेवते, आणि पुढची रक्कम जमा होताच आधी तो वसूल करते. एटीएमवर शिल्लक नसताना कार्ड घासल्याचा आकारही काही बँका असाच वसूल करतात. म्हणून हप्त्यासाठी पैसे भरताना हप्ता, अधिक थकलेले सगळे आकार, अधिक हजार-दोन हजारांची गादी, एवढे भरा. थकलेले आकार अ‍ॅपवर दिसत नसतील तर शाखेत विचारा. कर्मचाऱ्याला स्क्रीनवर ते दिसतात.

थकलेला हप्ता आता तिसऱ्यांदा लागण्याची वाट पाहू नका. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या अ‍ॅपवरून किंवा अधिकृत पेमेंट लिंकवरून थेट भरा आणि पावती जपा. भरण्याआधी एक खात्री करा: याच महिन्यात तो हप्ता पुन्हा नॅचने लागणार आहे का? लागणार असेल तर तो थांबवायला लेखी कळवा. नाहीतर तुम्ही हाताने भरता आणि दोन दिवसांनी तीच रक्कम पुन्हा कापली जाते. ती परत मिळते, पण मिळेपर्यंत दुसरे काहीतरी बाउन्स होते. वसुलीला आलेल्या माणसाच्या वैयक्तिक क्रमांकावर कधीही पैसे पाठवू नका.

घाई कशासाठी, तेही सांगतो. जानेवारी २०२५ पासून कर्जदारांची माहिती सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोंकडे किमान दर पंधरवड्याला जाते. पूर्वी महिन्याअखेरीच्या आत भरले की बऱ्याचदा निभावून जायचे. आता १५ तारखेला हप्ता थकलेला असेल तर तो रिपोर्टमध्ये येऊ शकतो. ३० दिवसांपर्यंतची थकबाकी पहिल्या पायरीवर मोजली जाते, ६० आणि ९० दिवसांच्या पायऱ्या अधिक वाईट, आणि ९० दिवस उलटले की कर्ज अनुत्पादक (एनपीए) ठरते. पाच-सात दिवसांचा उशीर भरून निघतो. दोन हप्ते एकदम थकले की ते भरणे अवघड होते, कारण तिसरा दारात उभा असतो.

कंपनीने लावलेला दंडही तपासा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार उशिराबद्दल दंडात्मक व्याज लावता येत नाही, फक्त दंडात्मक आकार लावता येतो, आणि त्या आकारावर पुढे व्याज चढवता येत नाही. खात्याच्या उताऱ्यात दंड मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावलेले दिसले तर लेखी हरकत घ्या.

मॅण्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायला दिलेली परवानगी, रद्द करून टाकू, हा विचार मनातून काढा. मॅण्डेट रद्द केल्याने कर्ज रद्द होत नाही, हप्ता थकीतच जातो. आणि शिल्लक नसल्याने इलेक्ट्रॉनिक वसुली परत गेली तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७ मधील कलम २५ चेकच्या कलमासारखेच आहे, शिक्षाही तेवढीच. करायचे ते असे: कर्ज देणाऱ्या संस्थेला हप्त्याची तारीख ५ वरून १० करायचा लेखी अर्ज द्या. बऱ्याच संस्था कर्जाच्या काळात एकदा तरी ही सवलत देतात. नवे मॅण्डेट नोंदायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तोवर जुन्या तारखेचा हप्ता जुन्याच पद्धतीने लागेल हे धरून चाला. तारीख बदलून मिळत नसेल तर उपाय साधा आहे: एका महिन्याचा हप्ता कायमचा खात्यात मागे ठेवायचा. या महिन्याच्या पगारातून पुढच्या महिन्याचा हप्ता बाजूला काढला की सकाळ-दुपारचा प्रश्नच उरत नाही. एकदम जमत नसेल तर पाच-सहा महिन्यांत थोडे थोडे करून तेवढी रक्कम उभी करा. नोकरी बदलली की पगाराचे खाते बदलते पण मॅण्डेट जुन्या खात्यावरच राहते. अशा वेळी नवे मॅण्डेट चालू होऊन त्यातून एक हप्ता प्रत्यक्ष निघेपर्यंत जुने खाते रिकामे करू नका.

पैसे सगळ्यांना पुरणार नसतील तर आधी कोणाला थांबवायचे? चेक आणि कर्जाचे हप्ते सोडून बाकीच्यांना. आयुर्विम्याच्या हप्त्याला मासिक भरणा असेल तर १५ दिवसांची आणि वार्षिक किंवा सहामाही असेल तर ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. म्युच्युअल फंडाची एसआयपी, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप कापली जाणारी गुंतवणूक, चुकली तर फंड दंड घेत नाही, पण बँक नॅच परत गेल्याचा आकार घेतेच. म्हणून एसआयपी बाउन्स होऊ देण्यापेक्षा आधीच ‘पॉज’ करा. त्यासाठी किती दिवस आधी विनंती द्यावी लागते ते फंडाकडे विचारा. मासिक एसआयपी सलग तीन वेळा चुकली की ती आपोआप रद्द होते.

किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड ही निराळी बाब आहे, ती बाउन्सच्या दंडात मिसळू नका. रिझर्व्ह बँकेचा १ एप्रिल २०१५ पासूनचा नियम असा की शिल्लक कमी झाल्यावर बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे, किमान महिनाभर मुदत द्यायची, आणि दंड जेवढी शिल्लक कमी पडली त्या प्रमाणात घ्यायचा. आणि केवळ या दंडामुळे बचत खाते उण्यात जाता कामा नये. खाते ‘मायनस’ दिसत असेल तर उतारा काढून बघा: ते उणे कशाने झाले? किमान शिल्लकेच्या दंडानेच झाले असेल तर ती नोंद उलटवून मागायचा तुमचा हक्क आहे. ही कटकट कायमची नको असेल तर मूलभूत बचत खाते घ्या, त्यात किमान शिल्लकेची अटच नसते. स्टेट बँकेने तर २०२० मध्ये सगळ्याच बचत खात्यांवरचा हा दंड काढून टाकला.

आता ओव्हरड्राफ्ट. ही मंजूर मर्यादा असते. जेवढे वापराल तेवढ्यावर आणि तेवढ्याच दिवसांचे व्याज लागते, रोजच्या शिल्लकेवर मोजून महिन्याला खात्यात टाकले जाते. मुदत ठेव असेल तर तिच्या तारणावरचा ओव्हरड्राफ्ट सर्वांत स्वस्त. ठेवीच्या ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा मिळते आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण १ ते २ टक्के जास्त असते. समजा ₹२ लाखांची ठेव ६.७५ टक्क्यांची आहे आणि ओव्हरड्राफ्ट ७.७५ टक्क्यांनी मिळाला. ₹२०,००० दहा दिवस वापरले तर व्याज येते सुमारे ₹४२. वरचे ₹२,१८० आठवा. ठेव मोडली नाही, तिचे व्याज चालूच राहिले.

पण एक फसगत वारंवार होते. अनेक बँका ओव्हरड्राफ्टसाठी वेगळे खाते उघडतात. हप्त्याचे मॅण्डेट असते बचत खात्यावर. सकाळी हप्ता बचत खात्यावर येतो, तिथे शिल्लक नाही म्हणून परत जातो, आणि शेजारच्या खात्यात ₹१.८ लाखांची मर्यादा तशीच न वापरता पडून असते. ती आपोआप धावून येत नाही. सही करण्याआधी शाखेत नेमके विचारा: बचत खात्यात पैसे कमी पडले तर ओव्हरड्राफ्टमधून आपोआप ओढले जातील का, आणि नॅच व चेक दोन्हींसाठी ओढले जातील का? उत्तर नाही असेल तर ऑटो स्वीपची ठेव घ्या. तीत ठेव बचत खात्यालाच जोडलेली असते, आणि कमी पडेल तेवढाच भाग, बहुतेक ठिकाणी हजाराच्या पटीत, मोडला जातो. नोकरदारासाठी बऱ्याचदा हेच ओव्हरड्राफ्टपेक्षा सोयीचे.

पगारावरचा ओव्हरड्राफ्ट विनातारण असतो, म्हणून महाग. त्यात धोका व्याजाच्या दरापेक्षा सवयीचा आहे. पगार आला की उणे भरून निघते, आठवड्याभरात खाते पुन्हा उण्यात, पुढच्या पगारापर्यंत तसेच. उताऱ्यात तीन महिने मागे जाऊन पाहा. एकही दिवस खाते अधिकमध्ये राहिले नसेल तर ती आता तात्पुरती सोय राहिलेली नाही, ते कर्ज झाले आहे. मग तेवढी रक्कम ठरावीक हप्त्यांच्या कर्जात बदलून घ्या आणि मर्यादा कमी करायला सांगा. नूतनीकरण वर्षाला असते, त्याचा आकारही विचारून ठेवा. व्याज खात्यातच पडते, त्यामुळे मर्यादा काठोकाठ वापरली असेल तर व्याजाच्या नोंदीनेच ती ओलांडली जाते आणि दुसऱ्या दिवशीचा चेक ‘एक्सीड्स अरेंजमेंट’ म्हणून परत जातो. सलग ९० दिवस मर्यादेबाहेर राहिलात, किंवा ९० दिवसांत लागलेल्या व्याजाएवढीही रक्कम जमा झाली नाही, तर ओव्हरड्राफ्टसुद्धा अनुत्पादक ठरतो.

जनधन खातेदारांना ₹१०,००० पर्यंत ओव्हरड्राफ्टची सोय आहे. खाते सहा महिने नीट चालवलेले असावे लागते, आणि ₹२,००० पर्यंत तर फारशा अटीही नाहीत. क्रेडिट कार्डावरून रोख काढून हप्ता भरणे मात्र टाळा. तिथे पहिल्या दिवसापासून व्याज लागते, वर शुल्क वेगळे.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आज चेक थांबवून त्याची रक्कम ऑनलाइन द्यायची तारीख ठरवा. हप्ता थेट भरा, पुढचे नॅच थांबवल्याचे लेखी उत्तर घ्या. त्यानंतर तारीख १० करण्याचा अर्ज. ठेव असेल तर तिच्यातली एका हप्त्याएवढी रक्कम स्वीपला जोडा. ठेव नसेल तर पगारावरचा ओव्हरड्राफ्ट घ्या, पण मर्यादा एक हप्ता आणि ₹५,००० यापेक्षा जास्त मागू नका, बँक जास्त देत असली तरी. दंड माफ करून मागायचा असेल तर शाखा व्यवस्थापकाच्या नावाने अर्ज द्या आणि मागच्या वर्षभरात एकही बाउन्स नसल्याचे त्यात लिहा. पहिल्या वेळी अनेक बँका एखादा आकार परत करतात. नियमाबाहेर कापलेला आकार असेल आणि ३० दिवसांत बँकेचे समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा, आणि बँकेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक हाताशी ठेवा, कारण पहिला प्रश्न त्याचाच येतो.